तुला झेपणार नाही ती कादंबरी

जुन्या काळी पोथीची नक्कल पुरी झाली की लेखनिक शेवटच्या पानावर बहुधा एक श्लोक लिहून ठेवायचा. 'तैलाद् रक्षेत् जलाद् रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्। मूर्खहस्ते न दातव्यम् एवं वदति पुस्तकम्॥' पोथी स्वतःच बोलते आहे: मला तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. एकेक पोथी उतरवायला महिनेच्या महिने लागत, एक प्रत गेली तर दुसरी कुठून आणायची हा प्रश्न असे. त्या काळात ही भीती रास्तच होती. पुढे छापखाने आले, प्रती हजारांनी निघू लागल्या, तेलापाण्याची धास्ती संपली. श्लोकातली चौथी अट मात्र आपण सोडली नाही. साहित्याशी जवळीक असलेल्या माणसांकडून ती आजही ऐकू येते, फक्त आता ती मराठीत असते: 'ती कादंबरी तुला झेपणार नाही.'

हे वाक्य कुणाला ऐकावं लागतं ते पाहावं. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला असलेल्या मुलाला. ऐतिहासिक कादंबऱ्या आवडीने वाचणाऱ्या गृहिणीला. वाचनालयाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या निवृत्त कारकुनाला. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. समोरच्याचा हिरमोड होऊ नये, त्याचा वाचनातला रस टिकावा एवढाच हेतू असतो. पण होतं असं की काही कादंबऱ्या एका ठरावीक वर्तुळातच फिरत राहतात आणि त्या वर्तुळाबाहेरच्या माणसाला त्यांचं नावसुद्धा कळत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. अवघड कादंबरी पात्रता न तपासता द्यावी. ती देत राहणं हे वाचकाचं काम आहे आणि ते प्रकाशक, समीक्षक, पुरस्कार समित्या यांच्यावर ढकलून चालणार नाही.

रणजित देसाईंची 'स्वामी' 1962 साली आली आणि भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' 1963 साली. या दोन कादंबऱ्यांमध्ये जेमतेम वर्षाचं अंतर. 'स्वामी' घराघरांत गेली आणि ते तिचं यशच आहे, मी तिला कमी लेखत नाही. माधवराव पेशवे आणि त्यांची पत्नी रमाबाई वाचकाला आधीपासून ठाऊक होते, त्यांच्याबद्दल जिव्हाळा आधीच होता, भाषेत डौल होता. अशा पुस्तकाला वाट आपोआप मिळते. 'कोसला'पाशी यातलं काहीच नव्हतं. लिहिणारा पंचवीस वर्षांचा, खानदेशातल्या सांगवीचा. नायक कसला म्हणायचा असा नायक: गावातून पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, परीक्षेत मागे पडतो, बापाशी त्याचं पटत नाही आणि शेवटी गावी परत जातो. कथानक म्हणून धरून ठेवावा असा धागा सापडत नाही. भाषा मुद्दाम सपाट, 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' यांनी जागोजागी भरलेली, मध्येच बखरीचा ढंग. 'फडके-खांडेकर' वाचून तयार झालेल्या वाचकाने हे पुस्तक हातात घेतलं आणि पंधराव्या पानावर मिटलं, तर त्याला दोष देता येत नाही.

तरीही 'कोसला' टिकली. साठ वर्षं उलटून गेली, ती अजून छापली जाते. अभ्यासक्रमात आली, तिच्यावर प्रबंध झाले, पुढे लेखकाला ज्ञानपीठही मिळालं. हे सगळं नंतरचं. आधी तिला टिकवून धरलं ते वसतिगृहांनी. गावातून पुणे, औरंगाबाद, कोल्हापूर अशा शहरांत शिकायला आलेल्या मुलांच्या खोल्यांतून ती फिरली. एकाने वाचली, खोलीतल्या दुसऱ्याच्या उशाशी टाकली, दुसऱ्याने शेजारच्या खोलीत नेली. त्या पिढीतल्या अनेकांकडून मी हे असंच ऐकलं आहे आणि प्रत्येकाच्या सांगण्यात एक गोष्ट हटकून असते: देणाऱ्याने फारसं काही सांगितलं नव्हतं. 'हे घे, वाच' एवढंच. साहित्य म्हणजे काय, अस्तित्ववाद म्हणजे काय, नवकादंबरी म्हणजे काय, यातलं काही न सांगता एका मुलाने दुसऱ्या मुलाला ती दिली. वाचणाऱ्याला मेसचं जेवण ओळखीचं वाटलं, वडिलांकडे पैसे मागतानाची लाज ओळखीची वाटली, आणि पुढे मनीच्या, म्हणजे नायकाच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूची पानं आली. ती पानं वाचल्यावर कादंबरी अवघड आहे की सोपी हा प्रश्न उरत नाही. तिथपर्यंत पोचणं महत्त्वाचं. तिथपर्यंत त्याला समीक्षेने नेलं नाही, खोलीतल्या मित्राने नेलं. या पुस्तकाची अर्पणपत्रिका शंभरातील नव्व्याण्णवांस आहे. लेखकाने निवडक एकाला बाजूला ठेवून उरलेल्यांना पुस्तक दिलं आणि आपण मात्र त्या नव्व्याण्णवांतून लायक कोण ते निवडत बसतो, हे मला खरोखर खटकतं.

याच्या उलट घडलेलं उदाहरण किरण नगरकरांच्या 'सात सक्कं त्रेचाळीस'चं. मौज प्रकाशनाने ती 1974 साली काढली. कुशंक नावाचा निवेदक, काळाची उलटसुलट फेकाफेक, तुकड्यातुकड्यांनी सांगितलेली गोष्ट, इंग्रजी शाळेत शिकलेल्या माणसाची मराठी, जी कुठल्याच ठरलेल्या मराठीसारखी नाही. जाणकारांनी तिचं मोल तेव्हाच ओळखलं होतं. पण पहिली आवृत्ती संपायला वर्षानुवर्षं लागली. नगरकरांच्या पुढच्या कादंबऱ्या इंग्रजीत आल्या. त्यांतल्या 'ककोल्ड'ला 2000 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो इंग्रजीसाठी. मीराबाईच्या नवऱ्याच्या तोंडून सांगितलेली ती गोष्ट मूळ मराठीत असती तर, असं मनात आल्यावाचून राहत नाही. मराठी वाचकांनी पाठ फिरवली म्हणूनच ते तिकडे गेले असं मी म्हणणार नाही, एखाद्या लेखकाचे निर्णय इतक्या सरळ कारणांनी होत नाहीत. मात्र एवढं नक्की की 'सात सक्कं'ला 'कोसला'सारखी वसतिगृहं मिळाली नाहीत. ती ज्यांच्याकडे होती, ते ती जपून ठेवणारे लोक होते. दुर्मीळ पुस्तक आपल्याकडे आहे याचा त्यांना अभिमान होता. जपून ठेवलेल्या प्रतीने कादंबरीचं काही भलं होत नाही.

वाचनालयातलं एक पुस्तक मी नीट पाहिलं आहे, त्याबद्दल इथे लिहायला हवं. एका तालुक्याच्या गावचं जुनं वाचनालय. तिथली 'कोसला' रेक्झिनच्या काळ्या बाइंडिंगमध्ये आहे, मूळ मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं, पुठ्ठ्याच्या कण्यावर पांढऱ्या रंगाने दाखल क्रमांक टाकलेला. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली आहे. ती चिठ्ठी वाचण्यासारखी आहे. दोन-तीन वर्षं एकही शिक्का नाही, आणि मग एकदम एकाखाली एक असे चार-पाच शिक्के, तारखांमध्ये आठ-दहा दिवसांचं अंतर. पुन्हा मोठी पोकळी. पुन्हा तसाच झुबका. ग्रंथपाल बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हे असंच आहे याचं. कुणी एकाने नेलं की त्याच्या मागोमाग दोघं-तिघं विचारत येतात, मग वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही." त्या चिठ्ठीवर कुणाचं नाव नाही, पण वाचकाने वाचकाला सांगितल्याची एवढी स्वच्छ नोंद मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आत पेन्सिलच्या खुणा आहेत. एका पानाच्या समासात कुणीतरी 'कंटाळा' असा एकच शब्द लिहिला आहे आणि त्याच्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात, 'पुढे वाचा'. पुस्तकावर लिहू नये हे मलाही मान्य आहे. तरी त्या निळ्या शाईवाल्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. पुढच्या अनोळखी वाचकाची त्याला काळजी होती.

आता आक्षेप. पहिला प्रकाशकांचा आहे आणि तो गंभीर आहे. पुस्तकं अशी हातोहात फिरली तर विकत कोण घेणार? मराठीत आवृत्ती म्हणजे पूर्वी साधारण हजार प्रतींची असे, आता पाचशेची, तीनशेचीही निघते. अवघड कादंबरीच्या बाबतीत तेवढ्याही प्रती खपतील याची शाश्वती नसते. दहा जणांनी एकच प्रत वाचली की नऊ प्रतींचं नुकसान, असा हिशोब मांडला जातो. हा हिशोब 'स्वामी'सारख्या पुस्तकाला कदाचित लागू पडेल. ज्या कादंबरीचं नाव त्या नऊ जणांनी ऐकलेलंच नव्हतं, ती त्यांनी विकत घेतली असती हे गृहीतच चुकीचं आहे. उलट माझ्या ओळखीत अशी पुस्तकं पुन्हापुन्हा विकत घेणारी माणसं कोण, तर देणारीच. दिलेली प्रत परत येत नाही, तोवर कुणीतरी पुन्हा विचारतं, मग नवी आणावी लागते. माझ्याही घरात एकाच कादंबरीच्या नव्या प्रती याच कारणाने येत राहिल्या आहेत आणि त्या पैशांचं मला कधी वाईट वाटलं नाही.

पण एक गोष्ट यात मिसळू देता कामा नये. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात. 'वाचनसंस्कृती वाढावी म्हणून' असं त्यांच्यासोबत लिहिलेलं असतं आणि पाठवणाऱ्यांना आपण पुण्यच करतो आहोत असं वाटतं. हे पुस्तक देणं नव्हे. कायद्यानेही नाही: 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार आधीच वितरणात आलेली छापील प्रत तुम्ही कुणालाही देऊ शकता, विकू शकता, पण तिची नवी नक्कल काढून वाटणं हा लेखकाचा हक्क आहे, तुमचा नाही. कायदा बाजूला ठेवला तरी फरक उरतोच. आपली प्रत देताना ती आपल्या कपाटातून जाते. घेणाऱ्याला ते दिसतं. त्याच्यावर थोडी जबाबदारी येते, कधीतरी भेट होणार असते, 'वाचलीस का' असं कुणीतरी विचारणार असतं. अडीचशे लोकांच्या गटात टाकलेल्या फाइलीचं कुणालाच काही देणं लागत नाही. अशा फायलींची फोनमध्ये रास पडते आणि त्यांतल्या सहाशे पानांच्या कादंबरीचं पहिलं पानही उघडलं जात नाही. सोपं, वेगवान पुस्तक फोनवर कुणी वाचेलही. अवघड कादंबरीला मात्र माणूस लागतो, आणि तो फाइलीबरोबर येत नाही. त्यात पाचशे प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या छोट्या प्रकाशकाचं जे नुकसान होतं ते खरं आणि थेट आहे. जो प्रकाशक अशी कादंबरी छापण्याचं धाडस करतो त्याच्याच मुळावर आपण येतो.

दुसरा आक्षेप वाचकाच्या बाजूने येतो. अवघड पुस्तक दिलं आणि वाचलं गेलं नाही तर? माणूस खजील होतो, वाचनापासूनच दूर जातो. हे घडतं हे मी नाकारत नाही. पण खजील करणारं पुस्तक नसतं, देणाऱ्याचा सूर असतो. 'महान कादंबरी आहे, बघ कळते का' असं म्हणून हातात ठेवलेलं पुस्तक म्हणजे परीक्षेचा पेपर. वाचून झाल्यावर 'कळली का?' हा प्रश्न तर कुणी कुणाला विचारूच नये. कुठे थांबलात, कुठलं पान परत वाचावंसं वाटलं, हे विचारावं. अर्ध्यावर सोडली असेल तर सोडली, पुस्तक परत घ्यावं आणि दुसऱ्याला द्यावं. अर्धी वाचलेली कादंबरी वाया जात नाही. दहा वर्षांनी तेच नाव पुन्हा समोर आलं की त्या माणसाचा हात तिच्याकडे वळतो, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. मराठी माणसाला हे पटायला जड जाऊ नये. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या किती जणांना तिची प्रत्येक ओवी कळत असे? सप्ताहात, पारायणात बसून शेजारच्याच्या सोबतीने ती वाचली जायची. वाचता वाचता एखादी ओवी आयुष्यभर पुरायची. आपल्या भाषेतला सर्वांत अवघड ग्रंथ आपण खेड्यापाड्यांत निरक्षर माणसांपर्यंत नेला आणि विसाव्या शतकातली एक गद्य कादंबरी तालुक्याच्या मुलाला झेपणार नाही म्हणतो, यातली विसंगती कुणालाही दिसावी.

तिसरा आक्षेप असा की चुकीच्या हातांत गेलेलं पुस्तक चुकीचं वाचलं जातं. 'कोसला'च्या बाबतीत ही तक्रार खूप झाली. पानापानावर 'वगैरे' लिहिणाऱ्या अनुकरणकर्त्यांचा सुळसुळाट झाला, कादंबरीतली वेदना बाजूला राहून तऱ्हेवाईकपणा तेवढा उचलला गेला. झालं खरं तसं. पण त्यानंतरच्या मराठी कादंबरीचा नकाशा पाहा. 'ताम्रपट'चे रंगनाथ पठारे संगमनेरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. 'तणकट'चे राजन गवस कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातले. 'बारोमास'चे सदानंद देशमुख बुलढाण्याचे. तिघांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, अनुक्रमे 1999, 2001 आणि 2004 साली. हे कुणीही पुण्या-मुंबईच्या साहित्यिक वर्तुळात वाढलेले नाहीत. यांच्या तरुणपणी कुणी त्यांच्या हातातली पुस्तकं 'नंतर वाच' म्हणून काढून घेतली असती तर आपण काय गमावलं असतं, याचा विचार 'चुकीचे हात' म्हणणाऱ्यांनी करावा. शंभर अनुकरणं ही त्याची किंमत असेल तर ती मोजायला माझी तयारी आहे.

देण्यासाठी आज आपल्याकडे पुस्तकं नाहीत असंही नाही. नेमाड्यांचीच 'हिंदू' 2010 साली आली, तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. प्रकाशनाआधीच नोंदणी झाली, सहाशे पानांचा तो ग्रंथ हजारो घरांत पोचला. त्यांतल्या किती घरांत तो वाचला गेला? मी जातो त्या घरांमधून तो काचेच्या कपाटात दिसतो, कण्यावर एक सुरकुती नसलेला. ज्यांनी घेतला त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांनी लेखकाला आणि प्रकाशकाला त्यांचं देणं दिलं आहे. पण आता पंधरा वर्षं झाली. स्वतः वाचणं होत नसेल तर तो शेजारी, नात्यात, कामाच्या ठिकाणी कुणाला तरी देऊन टाकावा. उत्खननाच्या मातीत उतरलेल्या खंडेरावाच्या, म्हणजे 'हिंदू'च्या नायकाच्या मागे मोहेंजोदडोपासून खानदेशातल्या गावापर्यंत जायला उत्सुक असा कुणी ना कुणी प्रत्येक गल्लीत निघेल.

संस्थांच्या पातळीवरही थोडं काम झालेलं आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 पासून 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या फिरवायला सुरुवात केली. पंचवीस पुस्तकांची एक पेटी एका गटाने काही महिने ठेवायची आणि मग दुसऱ्या गटाला द्यायची, अशी ती साधी रचना आहे. या पेट्या पार दुबईच्या मराठी माणसांपर्यंत पोचल्या. पुस्तकांची भिशीच म्हणा ना. अशा प्रत्येक पेटीत एक तरी कादंबरी अशी असावी की जी कुणी मागितलेली नाही. मागणीप्रमाणेच पुस्तकं भरली तर माणसाला आधीच माहीत असलेलंच पुन्हा मिळत राहतं.

हीच अडचण सार्वजनिक वाचनालयांची आहे, आणि इथे प्रश्न व्यक्तीच्या औदार्याचा राहत नाही, धोरणाचा होतो. 1967च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात अ, ब, क, ड वर्गांच्या अनुदानित वाचनालयांचं मोठं जाळं उभं केलं. देशातल्या फार थोड्या राज्यांकडे असं काही आहे. पण अनुदान अपुरं, कर्मचाऱ्यांचे पगार तुटपुंजे, त्यामुळे पुस्तकखरेदी करताना जास्त सवलत देणाऱ्या विक्रेत्याच्या यादीवर काम भागवलं जातं. जागा कमी पडली की जी पुस्तकं बरेच दिवस बाहेर गेलेली नाहीत ती बाद करण्याकडे कल असतो. वर सांगितलेल्या चिठ्ठीचा विचार करा. मोठ्या पोकळीच्या त्या एखाद्या वर्षी कुणी 'मागणी नाही' असा शेरा मारला असता, तर पुढचे सगळे शिक्के पडलेच नसते. बाद करायच्या यादीतून मराठीतल्या महत्त्वाच्या कादंबऱ्या वगळाव्यात, आणि ही निवड एकट्या ग्रंथपालावर न सोडता गावातल्या वाचकांना विचारून करावी.

आणखी एक अगदी बारीक गोष्ट आहे, जिला पैसा लागत नाही. बहुतेक वाचनालयांत पुस्तक परत करण्याची मुदत आठ ते पंधरा दिवसांची असते, पुढे दिवसाला दंड. दोनशे पानांच्या रहस्यकथेला आणि सहाशे पानांच्या 'हिंदू'ला एकच मुदत. दिवसभर राबून रात्री दहा पानं वाचणारा माणूस ती मुदत पाळूच शकत नाही. तो दोनदा दंड भरतो आणि तिसऱ्यांदा पातळ पुस्तक नेतो. मग आपण म्हणतो, लोकांना जाड कादंबऱ्या नको आहेत. अशा पुस्तकांना दोन महिन्यांची मुदत द्यावी, दंड लावू नये आणि शक्य असेल तिथे दोन प्रती ठेवाव्यात, म्हणजे दोघांना एकाच वेळी वाचता येईल आणि वाचनालयाच्या पायरीवर उभं राहून एकमेकांशी बोलता येईल. कार्यकारी मंडळाच्या पुढच्या बैठकीत एका ठरावाने हे होऊ शकतं. ज्या वाचनालयाचे तुम्ही सभासद आहात तिथे तसा अर्ज द्या, आणि अर्ज देताना ज्या कादंबऱ्यांसाठी तो आहे त्यांची नावं लिहा.